आधी सांग, फसलास कशामुळे?

काका, नमस्कार.

माझं वय ३१. नागपुरात झिंगाबाई टाकळीत राहतो, नोकरी मिहानमध्ये. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. मागच्या वर्षी जुनी थार घेतली. २०१६ची सीआरडीई (डिझेल मॉडेल), फोर बाय फोर, एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली. घरात गाडी हीच एक. आई, बायको, चार वर्षांची मुलगी, सगळे हिच्यातच.

जुलैमध्ये दोन मित्रांसोबत काटोलकडे गेलो होतो. एक लहान नाला पार केला, पुढे पांदणीत शिरलो आणि फसलो. फोर हायमध्ये होतो (चारही चाकांना जोर, वेग नेहमीचाच). दुसऱ्या गिअरवर भरपूर जोर लावला, पण मागचं एक चाक नुसतं गरगर फिरत राहिलं आणि मागचं हौसिंग (दोन चाकांमधल्या आसाचं लोखंडी कवच) मधल्या वरंब्यावर बसलं. दोन तासांनी एका शेतकरीकाकांनी ट्रॅक्टरने ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत. मित्र अजून हसतात.

तेव्हाच ठरवलं, गाडी नीट तयार करायची. यादी केली आहे: तीन इंचांचा लिफ्ट (गाडी तेवढी उंच करायची), ३३ इंची मड टायर, लोखंडी बंपर आणि विंच (तारेने गाडी ओढणारं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), छतावर एलईडी बार. बजेट दीड लाख. वेल्डिंग सोडून बाकी काम घरीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सुटीच्या दिवशी करायचं म्हणतो. बायको विचारते, "आईंना आत्ताच चढता येत नाही, अजून उंच करून काय शिडी लावणार?" काका, सुरुवात कुठून करू?

टाकळीचा थारवाला

*

तू काका म्हटलंस, तेव्हा मी अरे-तुरे करतो.

यादी दोनदा वाचली. त्यातली एकच वस्तू त्या दिवशी कामी आली असती, ती म्हणजे विंच. आणि विंचची तार बांधायलाही समोर काहीतरी लागतं. काटोलच्या पांदणीच्या कडेला बाभूळ मिळाली तर नशीब, नाहीतर संत्र्याचं झाड. शेतकऱ्याच्या संत्र्याला तार बांधून गाडी ओढायला लागलास तर ट्रॅक्टर येईल, पण तुला काढायला येणार नाही.

यादी बाजूला ठेव. त्या दिवशी काय झालं ते आधी नीट बघू, कारण तुझ्या पत्रातच सगळं आहे.

तू फोर हायमध्ये होतास. शेजारी फोर लो होतं, ते तू लावलंच नाहीस. तुझ्या ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतल्या) लो गिअरचं गुणोत्तर २.४८ आहे. इंजिन तेवढंच फिरलं तरी चाक जवळजवळ अडीच पट सावकाश फिरतं आणि चाकापाशी जोर अडीच पट मिळतो. चिखलात थोडा वेग लागतो हे खरं, पण तो आत शिरताना. एकदा गाडी थांबली की वेगाने फिरणारं चाक फक्त खड्डा खोदतं. तू डिझेल जाळून विहीर खणलीस बाबा.

दुसरी गोष्ट कदाचित तुला गाडी विकणाऱ्याने सांगितली नसेल. २०१५मध्ये सीआरडीई थारमध्ये जे बदल झाले, त्यात मागच्या हौसिंगमध्ये यांत्रिक लॉकिंग डिफरेन्शियल आलं. तुझी २०१६ची आहे, म्हणजे ते तुझ्याकडे आहे. बटण नसतं, म्हणून लोकांना माहीत नसतं. एक चाक मोकळं फिरतंय आणि दुसरं थांबलंय, अशा वेळी दोघांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, क्लच आवळले जातात आणि दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागतात. मात्र मोठ्या रस्त्यावर ते चुकून लागू नये म्हणून ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगाला ते स्वतःच निष्क्रिय होतं. आता तू फोर हायमध्ये, दुसऱ्या गिअरवर, पाय शेवटपर्यंत दाबून बसलास. गाडी जागची हलत नव्हती, पण आतल्या क्राउनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला, वाटलं आपण वर्धा रोडवर आहोत. लॉक लागण्याची वेळ हातची गेली. फोर लो, पहिला गिअर, पाय हलका पण न डगमगता ठेवायचा. 'टक्' असा आवाज येतो आणि गाडी एक हिसका देते. तो हिसका ओळखीचा व्हायला हवा. घाबरून पाय काढलास की पुन्हा सुरुवातीपासून.

तिसरी गोष्ट माती. काटोल-नरखेडकडची माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली काळी कपाशीची माती. तिच्यातल्या चिकणमातीच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, ती फुगते, आणि वर ग्रीसचा थर दिल्यासारखी होते. टायरच्या खाचांत एकदा भरली की तुझा टायर कितीही महागाचा असो, तो गुळगुळीत गोळा होतो. मड टायरच्या रुंद खाचा फिरताना ती बाहेर फेकतात, म्हणून ते थोडे जास्त टिकाव धरतात, पण जुलैतल्या भरलेल्या पांदणीत तेही बसतात. त्या महिन्यात तिथला शेतकरीसुद्धा बंडी (बैलगाडी) काढताना दहादा विचार करतो. अशा जमिनीवर इलाज एकच: दोन-तीन दिवस उघाड पडू दे, वापसा येऊ दे, मग जा.

पावसातच जायची हौस असेल तर दिशा बदल. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावर बसलंय. पश्चिमेला काळी माती, आणि रामटेक-मनसरच्या बाजूला खडक वेगळा, जुना, मँगनीजचा पट्टा. तिकडे मुरमाड, खडकाळ वाटा बऱ्याच मिळतात, पाणी उतरून जातं. पावसाळ्यात रामटेककडे, हिवाळ्यात काटोलकडे, एवढा साधा नियम पाळलास तरी निम्मी फसगत टळेल. फक्त तिकडे जंगल सुरू होतं. पेंच असो की उमरेड-पवनी-कऱ्हांडला, अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याची पाटी दिसली की गाडी वळवायची. वाट सुंदर दिसतेय म्हणून आत घातली, हे कारण तिथे कोणी ऐकत नाही.

आणखी एक, पांदण ही शेतकऱ्याची रोजची वाट आहे. तुझ्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि मग महिनाभर त्याच्या बंडीचं चाक त्यात अडकतं. त्या काकांनी पैसे घेतले नाहीत, हे लक्षात ठेव.

आता तुझी यादी. मोठ्या दोन गोष्टींपासून घेतो, कारण पैसे आणि धोका दोन्ही तिथेच आहेत.

लिफ्ट. तुझ्या गाडीला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत, पुढे टॉर्शन बार. मागचं हौसिंग चाकाच्या मध्याशी बांधलेलं असतं. पाट्यांखाली ठोकळे घालून तू शरीर तीन काय, सहा इंच उचललंस तरी हौसिंग जिथे होतं तिथेच राहतं. आणि तू टेकलास ते हौसिंगवर! ज्या दुखण्यासाठी औषध घेतोयस ते या औषधाने बरं होतच नाही. हौसिंग उचलतो फक्त टायर.

पुढचं तर आणखी अवघड. टॉर्शन बार म्हणजे पिळली जाणारी सळई, तीच तुझी स्प्रिंग. तिचा मागचा बोल्ट आवळला की गाडी पुढून उचलली जाते, आणि हे काम अर्ध्या तासात फुकटात होतं म्हणून गल्लीगल्लीत करून मिळतं. पण आवळल्याने स्प्रिंगला नवा प्रवास मिळत नाही. चाक खाली जाण्याची जी जागा होती ती आधीच वापरली जाते. मग खड्ड्यात चाक खाली उतरायच्या आधीच अटकतं, हवेत लटकतं, आणि जी पकड वाढवायला निघालास तीच कमी होते. वर एक्सलचे जॉइंट तिरपे चालतात, त्यांचे रबर बूट फाटतात, आत धूळ जाते, आणि अलाइनमेंट कधी बसत नाही. थोडं आवळणं वेगळं, खचलेली उंची परत आणण्यापुरतं. तीन इंच म्हणजे दर सहा महिन्यांनी एक्सलचा खर्च.

हे पुस्तकातलं सांगत नाही. नव्वदच्या दशकात माझ्याकडे एमएम ५४० जीप होती. मीही तुझ्यासारखाच शहाणा. मागच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून गाडी मस्त उंच केली, आणि प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला याकडे दुर्लक्ष केलं. साठच्या वेगाला पायाखाली गुणगुण यायची. मी म्हणायचो, जीप आहे, गुणगुणणारच. एका रविवारी अमरावती रोडवर, कोंढाळीच्या थोडं अलीकडे, शाफ्टचा मागचा सांधा, म्हणजे क्रॉस, तुटला आणि शाफ्ट रस्त्यावर खडखडत घासत आला. मागचा तुटला म्हणून वाचलो. पुढचा तुटला असता तर शाफ्टचं टोक डांबरात रोवून गाडीच उधळली असती. मागे बायको आणि पाच वर्षांचा मुलगा होता. बायको त्या दिवशी काही बोलली नाही. पुढचे आठ दिवसही बोलली नाही. ठोकळे मी नवव्या दिवशी काढले.

तुझी गाडी एक लाख दहा हजार चालली आहे. माझा अंदाज सांगतो: तिला लिफ्ट नको आहे, तिला तिची मूळ उंची परत हवी आहे. सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोज, चारही बाजूंनी. डावी-उजवी बाजू दोन बोटांनी वेगळी निघाली, की पाटे खचलेत असं समज. नागपूरजवळच्या वाडीला ट्रकांमुळे पाट्यांचं काम करणारे कारागीर आहेत, ते पाटे उतरवून पुन्हा बाक देतात, तुटका पाटा बदलतात. सोबत चारही शॉकॲब, पाट्यांचे आणि शॅकलचे बुश नवे घाल. हे करून झालं की एक दिवस तीच जुनी वाट घे. खात्रीने सांगतो, तुला वाटेल लिफ्टच केला. मिहानला जाताना गाडी झोकांड्या खायची थांबेल ते वेगळं.

टायर. तुझं मूळ माप २३५/७० आर १६, उंची साधारण २९ इंच. ३३ इंची टायर घातलास तर हौसिंग फक्त दोन इंच उचललं जाईल, कारण वाढलेल्या चार इंचांतले दोनच खाली येतात. त्या दोन इंचांसाठी काय मोजावं लागतं बघ. गिअरिंग १४ टक्क्यांनी जड होतं, म्हणजे इंजिनाला प्रत्येक सिग्नलवर जास्त ओढावं लागतं. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६८वर असेल. ब्रेक तेच राहतात पण चाक मोठं झाल्याने त्यांची पकड सुमारे १२ टक्क्यांनी घटते, आणि तुझ्या मॉडेलला एबीएस नाही. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर, पहिल्या पावसात, पुढच्या ॲक्टिव्हाने अचानक ब्रेक मारला, की हे १२ टक्के किती असतात ते कळेल. चाक वळवलं की मडगार्डला घासतं, मग लोक मडगार्ड कापतात, मग पुढे अजून काहीतरी कापतात.

मूळ मापातले चांगले ऑल टेरेन घे. चार नाही, पाच, स्टेपनीसह, कारण फोर बाय फोरमध्ये चारही टायरचा घेर सारखा लागतो. पुढच्या-मागच्या टायरची झीज वेगळी असली की फोर हायमध्ये ट्रान्सफर केस आतल्या आत ताणली जाते. (त्याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर हाय लावून फिरायचं नाही. वळताना गाडी अडखळल्यासारखी होते ना, ती तीच ओढाताण.) मड टायर डांबरावर घोंगावतात, ओल्या रस्त्यावर घसरतात आणि भराभर झिजतात. आठवड्यात दोनशे किलोमीटर मिहानचे आणि महिन्यात तीस किलोमीटर चिखलाचे, हा हिशेब तूच मांड.

टायरपेक्षा मोठी युक्ती फुकट आहे: हवा. रेतीत किंवा गोट्यांच्या वाटेवर शिरण्याआधी ३२वरून १८-२० पीएसआयवर ये. टायर पसरतो, लांबट होतो, जमिनीला जास्त जागा टेकते, आणि दगडावर उड्या मारण्याऐवजी त्याला लपेटून घेतो. कन्हानच्या रेतीत जी गाडी पाच मिनिटांत रुतते तीच हवा काढली की चालत जाते. १५च्या खाली नको, टायर रिमवरून उतरतो. आणि परत डांबरावर चढण्याआधी हवा भरायचीच. कमी हवेत साठच्या वेगाने पळवलेला टायर तापतो आणि फाटतो, त्यातही आपल्याकडचा नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असेल तर विचारूच नको. म्हणून पहिली खरेदी प्रेशर गेज आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, तोही थेट बॅटरीला चिमटे लावायचा. सिगारेट सॉकेटवर चालणारा छोटा घेतलास तर दुसऱ्या चाकाला फ्यूज उडेल.

लोखंडी बंपर आणि विंच मिळून पाऊणशे किलोच्या आसपास जातात, आणि ते सगळं पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं. जी पुढची बाजू तू उचलायला निघालास ती त्याने पुन्हा खाली बसते. शिवाय रेडिएटरसमोर लोखंड आलं की मेच्या ४५ अंशांत, एसी लावून, रहाटे कॉलनी चौकात उभा राहिलास की काटा चढायला लागतो. आणि कायदा: केंद्राने २०१७च्या डिसेंबरात राज्यांना अशा बंपरवर कारवाई करायला लिहिलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायची नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. नंबर एमएच ३१ असो, ४० असो की ४९, नियम एकच. दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. अपघात झाला आणि सर्व्हेअरला न कळवलेला लिफ्ट आणि ३३चे टायर दिसले, की दावा अडकलाच समज.

एलईडी बारला काय म्हणू? समोरच्या दुचाकीवाल्याला रात्री आंधळं करायचं यंत्र. पुढे स्पॉटलाइट लावायला नियमातच मनाई आहे. मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा महालात लोक ओरडतात तसं मीही म्हणतो: एलईडी बार घेऊन जा गे मारबत! मूळ हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर त्या पॉलिश करून घे, बल्ब कंपनीच्याच वॅटचे ठेव, वायरिंगला रिले बसव. एवढ्याने उजेड खूप सुधारतो.

स्नॉर्कल सध्या विसर. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात हे खरं, पण तितक्या पाण्यात तू जायचंच नाहीस. वाहत्या पाण्यात गाडी बुडायच्या आधी तरंगते, आणि तरंगली की स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही. नाल्याचं पाणी गुडघ्याच्या वर आणि वाहतं असेल तर डबा उघड, पोळी-भाजी खा, पाणी उतरायची वाट बघ.

नाल्याचा विषय निघालाच तर स्नॉर्कलपेक्षा महत्त्वाची आणि जवळजवळ फुकटची गोष्ट सांगतो. हौसिंगच्या डोक्यावर हवा आत-बाहेर करायला एक लहान ब्रीदर असतो. गाडी पळून हौसिंग तापलेलं असतं, ते अचानक थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढते. बाहेरून काही दिसत नाही. दोन महिन्यांनी बेअरिंग बोलायला लागतात. त्या ब्रीदरला चांगली रबरी नळी जोडून ती वर इंजिनजवळ, उंचावर नेऊन बांधायची, टोक खाली वळवून. नळी लोंबू देऊ नको, शाफ्टपासून आणि सायलेन्सरपासून दूर ठेव. घरी करण्यासारखं हे सगळ्यात चांगलं काम.

घरच्या कामांचं सांगायचं तर पहिली अट घोडी, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, दोन मजबूत घोड्या घे. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर ते दबतात, म्हणून जॅक आणि घोडीखाली जाड फळी. ती फळी पुढे गाडीतच ठेव, चिखलात जॅक लावायला तीच लागते. मग एका सुटीत सगळे ग्रीस निपल शोधून ग्रीस मार, प्रोपेलरचे क्रॉस हाताने हलवून बघ, बूट तपास. दुसऱ्या सुटीत रेडिएटरच्या जाळीतलं गवताचं बी आणि माती आतून बाहेर, हलक्या पाण्याने धू. कूलंट बदलताना बोअरचं पाणी घालू नको, आपल्याकडच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मंनिम्म. चाकाचे नट टॉमीवर उभं राहून आवळायची सवय असेल तर सोड, टॉर्क पाना घे आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपास. आणि काळं तेल नालीत ओतलंस तर मला पत्र लिहू नको. ती नाली शेवटी नाग नदीलाच मिळते.

ब्रेक आणि टॉर्शन बार घरी उघडू नको. वेल्डिंग बाहेर करणार आहेस ते ठीक, पण चेसिसवर कुठेच नको, आणि इतर कुठे करावंच लागलं तर आधी बॅटरीची तार सोडायला लाव, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, जाईल.

ट्रेलवरून परत आलास की त्याच दिवशी खालून धू, विशेषतः रिमच्या आतली बाजू. तिथे काळी माती वाळून बसली की ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, लोक घाबरून अलाइनमेंटला पळतात आणि पाचशे रुपये देऊन येतात. पेचकसाने खरवडली की थरथर गेली.

विंचच्या ऐवजी हे घे: आठ-नऊ मीटरचा नायलॉनचा ताणला जाणारा दोर, पावणेपाच टन छाप असलेल्या दोन डी-शॅकल (दोर अडकवायच्या कड्या), एक फावडं. पुढे-मागे चेसिसला बोल्ट केलेले मूळ हुक शाबूत आहेत का बघ. दोर बंपरला किंवा ट्रॉलीच्या गोळ्याला कधी बांधायचा नाही, तुटला तर तो लोखंडी गोळा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. ओढताना दोरावर जुनी गोधडी टाक आणि सगळ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभं कर, हसणाऱ्या मित्रांनाही. आणि एकटा जाऊ नको, दुसरी गाडी सोबत असू दे. ट्रॅक्टर हीच आपल्याकडची खरी विंच, पण ती रोज नसते. पोळ्याच्या दिवशी फसलास तर ट्रॅक्टरवालाही सापडणार नाही आणि बैलांना तर त्या दिवशी सुटीच.

हिशेब ढोबळ सांगतो. पाच टायरांना पन्नासेक हजार, पाटे-शॉकॲब-बुश मिळून पंचवीस-तीस, दोर-शॅकल-कॉम्प्रेसरला पंधरा. घोड्या, टॉर्क पाना, तेलपाणी धरून लाखाच्या आत बसशील. उरलेले पन्नास हजार वर्षभर हात लावू नको. जुनी डिझेल गाडी आहे, ती ते कधी मागेल सांगता येत नाही.

सूनबाई बरोबर बोलल्या. आईंसाठी साइड स्टेप लावायचा विचार तुझ्या मनात येईलच. पण ती पायरी खडकावर सगळ्यात आधी टेकते आणि दरवाजाखालचा पत्रा घेऊन बसते. लावायचीच तर चेसिसला बोल्टने बसणारी, सहज काढता येणारी घे. नाहीतर आमच्या घरी होतं तसं कर. आईसाठी एक बुटका, रुंद पायांचा लाकडी चौरंग, वर खरखरीत रबर ठोकलेला, मागच्या सीटखाली कायम असायचा. उतरायच्या आधी कोणीतरी खाली उतरून तो ठेवायचा, आणि आत धरायला खांबावर एक मजबूत हँडल. त्या हँडलचं काम घरी होतं, आणि तुझ्या सगळ्या यादीत आईंना आवडेल अशी ती एकच वस्तू असेल. मुलीच्या बाबतीत मात्र माझं ऐक: मागची सीट आडवी समोरासमोरची असेल तर चार वर्षांच्या पोरीला तिथे बसवून हायवेला जाऊ नको.

या रविवारी दुसरं काही करू नको. तू नाला ओलांडून आला आहेस आणि ब्रीदर खालीच होता. गाडी थोडी चालवून, घोडीवर घेऊन मागच्या हौसिंगचं ऑइल बघ. आधी वरचा भरायचा बोल्ट उघड, तो उघडतोय याची खात्री झाल्यावरच खालचा. नाहीतर ऑइल निघून जाईल आणि भरायला जागाच राहणार नाही. मध-काळं निघालं तर ठीक, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच दर्जाचं नवं भर. टपरीवरच्या दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी गेलंय. मग पुढचं हौसिंग, गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर केसही उघडून बघ, आणि कोणतं कसं निघालं ते मला कळव. टायर त्यानंतर.